जनीची पडवी

पनवेलचं घर एवढ्या कमी भाड्यात का मिळालं, ते वेणूला तिसऱ्या दिवशी विहिरीवर कळलं.

शेजारची सुगराबी पोहरा वर ओढता ओढता म्हणाली, "जनीच्या घरात आलीस ना तू?"

"कोण जनी?"

सुगराबीनं कळशी भरून घेतली, मगच बोलली. "मिठागरावर टोपल्या वाहायची. नवरा कधीचाच गेलेला. पोरगी लग्न करून उरणकडे दिलेली. गेल्या साली पावसाळ्यात त्याच घरात मेली, मागच्या पडवीत. दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता. त्यानंतर दोन बिऱ्हाडं आली नि महिन्याच्या आत गेली. म्हणतात, भर दुपारी पडवीत बसलेली दिसते. तुला कुणीच बोललं नाही?"

वेणूनं मान हलवली आणि रिकामी कळशी घेऊनच घरी आली.

ही चोपन्न सालची गोष्ट. वेणूचा नवरा दिनानाथ गिरगावात एका छापखान्यात बाइंडर होता. लग्नानंतर सात वर्षं दोघं माझगावला काशिराम नावाच्या गाववाल्याच्या खोलीत पोटभाड्यानं राहिली. खोलीतला एक कोपरा त्यांचा, मध्ये गोणपाटाचा पडदा. दिनानाथ पाय पसरून झोपला की पावलं पडद्याबाहेर जात, आणि सकाळी काशिरामची बायको ती ओलांडून नळावर जाई. मालू त्याच कोपऱ्यात जन्मली आणि सहा वर्षांची झाली. मग काशिरामच्या मुलाचं लग्न ठरलं. त्याला तो कोपरा हवा झाला. यात काशिरामची काही चूक नव्हती.

दिनानाथनं दोन महिने मुंबई पालथी घातली. परळ, नायगाव, कुर्ला, सगळीकडे आधी पागडी मागत. एका ठिकाणी आकडा ऐकून त्याला हसूच आलं. दलालाला वाटलं, याला परवडतंय. शेवटी छापखान्यातल्या एकानं पनवेलचं सांगितलं. बळीरामशेठ म्हणून भातगिरणीवाले आहेत, खाडीच्या बाजूला त्यांचं घर रिकामं पडलंय, दोन खोल्या आणि मागं पडवी. पागडी नाही. आठवडाभर दिनानाथनं छापखान्यातच कागदाच्या गठ्ठ्यांवर झोपायचं आणि शनिवारी ठाण्यावरून एस.टी.नं घरी यायचं, असं ठरलं.

त्या शनिवारी तो आला, तेव्हा वेणूनं पाणी देताना विचारलं, "अहो, त्या बाईचं तुम्हाला माहीत होतं?"

त्यानं तांब्या खाली ठेवला. "दलाल बोलला होता."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

"नसते आले."

"मग कुठं गेलो असतो वेणू? तेवढं सांग."

मालू आतल्या खोलीत जमिनीवर आडवी पडून लोळत होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एवढी जागा तिनं जन्मात पाहिली नव्हती.

पहिले काही महिने वेणूनं दुपारी कशा काढल्या, ते तिचं तिलाच माहीत. सकाळ विहीर, चूल, बाजार यांत जाई. जेवणं झाली की गल्ली सामसूम होई. खाडीवरून गरम, खारट वारा येई आणि पडवीच्या कौलांखाली घुसून बारीक शीळ घाली. पडवीच्या भिंतींवर पांढरा खार फुटे. वेणू तो खरवडून काढी, आणि आठ दिवसांत तो पुन्हा तिथंच उगवे, कुणीतरी मिठाचा हात पुसावा तसा. जमिनीच्या एका कोपऱ्यात ओल होती, ती वैशाखातही सुकत नव्हती. वेणू पुढच्या उंबऱ्यावर बसून राही, पाठ रस्त्याकडे आणि डोळे पडवीच्या दाराकडे.

पण दिसलं काहीच नाही. दुपारमागून दुपार गेली. भिंती खाडीच्या वाळूत बांधल्यात म्हणून खार फुटतो, हे तिला एका गवंड्यानं सांगितलं. ओल विहिरीच्या पाटाची होती. हळूहळू तिनं पडवी सारवली, तिथं पापड वाळत घातले, एक दिवस तिथंच तांदूळ निवडता निवडता तिला डुलकी लागली. जागी झाली तेव्हा आपण कुठं झोपलो होतो ते कळून ती आधी दचकली, आणि मग खुदकन हसली. घर तिचं झालं होतं.

वर्षानं बळीरामशेठ आले. भाडं न्यायला एरवी त्यांचा माणूस येई. शेठ बाहेरच उभे राहिले, वेणूनं घोंगडी अंथरली तरी आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी मान वाकडी करून आत पाहिलं.

"बरं हाय ना सगलं? तरास नाय ना कसला?"

वेणूला आपल्या घराचा अभिमान वाटत होता. ती म्हणाली, "कसला त्रास शेठ? लोक उगीच बोलतात. वर्ष झालं, एक पान हललं नाही. घर लाख मोलाचं आहे."

शेठनी लांब श्वास सोडला. मोठं ओझं उतरल्यासारखे त्यांचे खांदे खाली आले. "चांगलं झालं," ते म्हणाले. "लई चांगलं झालं."

पुढच्या महिन्यात त्यांच्या माणसानं निरोप आणला. पुण्याच्या रस्त्याच्या कामावर एक ठेकेदार आलाय, त्याला घर हवंय, अडीचपट भाडं देतोय. तेवढं देत असाल तर राहा, नाहीतर दिवाळीपर्यंत खाली करा. भाड्याची पावती कधी दिलीच नव्हती, त्यामुळे भांडायला हातात कागद नव्हता. दिनानाथनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आपण तिथं वर्षभर राहून दाखवलं, म्हणून त्या घराला किंमत आली."

वेणूला आपलं बोलणं आठवलं. लाख मोलाचं.

दिनानाथ पुन्हा दर रविवारी जागा शोधत हिंडू लागला. ठाणे, मुंब्रा, कल्याण. दिवाळीला पंधरा दिवस उरले असताना ठेकेदाराची बायको घर बघायला आली. दुपारची वेळ. बाई स्वभावानं चांगली होती, तिनं मालूच्या हातावर खडीसाखर ठेवली. दोन्ही खोल्या पाहिल्या, चूल कुठं बसवायची ते ठरवलं, आणि पडवीचं दार उघडायला हात पुढे केला.

"थांबा," वेणू म्हणाली.

"का हो?"

"आत्ता नको. त्या बसल्यात."

हे शब्द कुठून आले ते वेणूला पुढं कधीच सांगता आलं नाही. आवाज मात्र तिचाच होता, हळू, घरात कुणी आजारी असल्यावर बोलावं तसा.

बाईचा हात तिथंच थबकला. "कोण बसलंय?"

"जनीबाई. दुपारच्या येतात. काही करत नाहीत. पाणी मागतात फक्त."

ठेकेदाराची बायको वळली ती चप्पल हातात घेऊनच रस्त्याला लागली. संध्याकाळपर्यंत ही बातमी बाजारात पोचली होती. ठेकेदारानं दुसरीकडे घर घेतलं. दिवाळी आली आणि गेली, बळीरामशेठकडून पुन्हा निरोप आला नाही.

दिनानाथला तिनं खरं सांगितलं. तो हसला नाही. "एकदा बोललीस, आता निभावून न्यावं लागेल," एवढंच म्हणाला.

तिनं निभावून नेलं. विहिरीवर बायका विचारायच्या आणि ती सांगायची. पदर ओला असतो. कोपरापर्यंत हात पांढरे असतात, मिठानं. तोंड भिंतीकडे करून बसते. दर अवसेला सकाळी वेणू पडवीत पानावर भात ठेवू लागली, शेजारी पाण्याचा तांब्या. बायका तोंडाला पदर लावून ऐकत. सुगराबी तेवढी ऐकत नसे, कळशी अर्धी भरली असली तरी उचलून निघून जाई.

एकेक गोष्ट वेणू रचायची आणि ती रचलेली गोष्ट घरी येऊन बसायची. ओला पदर सांगितला, त्या दिवसापासून त्या ओल्या कोपऱ्यावर पाय देणं तिच्यानं होईना. मालूही तो कोपरा टाळून वळसा घेऊ लागली. एका अवसेला तांब्यातलं पाणी कमी वाटलं. "उन्हानं आटलं असेल," असं वेणू मोठ्यानं म्हणाली. घरात दुसरं कुणी नव्हतं. मग आपण मोठ्यानं कुणासाठी बोललो, या विचारानं ती दिवे लागेपर्यंत बाहेर उभी राहिली. खरी भीती तिला आत्ता वाटू लागली होती. आधी ती नुसत्या ऐकीव गोष्टीला भ्यायली होती. आता त्या बाईचे हात, पदर, पाठ, सगळं तिच्या ओळखीचं झालं होतं. फक्त चेहरा नव्हता. तो रचायचं तिला धाडस झालं नव्हतं.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी दारात एक बाई उभी राहिली. तिशीच्या आतली, उन्हानं रापलेली, काखेत गाठोडं. "मी भामा," ती म्हणाली. "जनीची पोर."

वेणूला तिला घरात घ्यावंच लागलं. भामा द्रोणागिरीच्या पायथ्याच्या एका गावातून पहाटे निघाली होती. ती सरळ पडवीपर्यंत गेली, घर तिच्या पायाखालचं होतं. दारात थांबून तिनं आत पाहिलं.

"आय पानी मागते म्हनं?"

वेणूनं पाट पुढे सरकवला.

भामा उंबऱ्यावरच बसली. "तिला ताप भरला तवा सांगावा आल्ता. मी आठ दिसांची बालंतीन. सासू म्हनाली, एवढ्या पावसात खाडी वलांडून दोगांना मारतीस का. मी नाय आले. मंग आयची मातीच बगाया आले." तिनं नाक पुसलं. "तुमी तिला बगता. मला खरं सांगा बाय. ती माज्यावर रुसलीय का?"

"नाही," वेणू घाईनं म्हणाली. "रुसल्या नाहीत. तुझं नाव मायेनं घेतात."

भामा रडली. मोठ्यानं नाही, नुसते खांदे हलत होते. मग तिनं कमरेची पिशवी सोडली आणि आतून दोन बुगड्या काढल्या. "तिच्याच हायत. मला लग्नात घातलेल्या. आज मोडते. सोमवारी गावच्या भगताला हितं आनते, तिला वाट करून देते. अशी किती दिस बसंल ती भिंतीकडं तोंड करून?"

भगतानं वाट करून दिली की घर मोकळं होणार, आणि शेठ पुन्हा निरोप पाठवणार. हे आधी वेणूच्या ध्यानात आलं. बुगड्या नंतर दिसल्या. हा क्रम तिचा तिलाच कळला आणि तिला स्वतःची किळस आली.

"भामा, त्या मोडू नकोस," ती म्हणाली. "मी तुझ्या आईला कधी पाहिलं नाही."

"म्हंजे?"

"एकदाही नाही. मी रचलं सगळं."

"पानी मागते ते?"

"तेही."

"वला पदर? मीठ?"

"सगळं. आम्हाला घर सोडायला लावत होते. मुंबईत जागा मिळत नाही. आम्ही कुठं जाणार होतो?"

भामा तिच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू कोरा होत गेला. "आता तू म्हनलीस ना, मायेनं नाव घेते म्हनून. ते बी?"

वेणूनं मान खाली घातली.

"जित्तेपनी तिला हितनं हाकलाया बगत हुते," भामा म्हणाली, "नि मेल्यावर तू तिला डांबून ठेवलीस. तुज्या घरासाटी."

"हो," वेणू म्हणाली.

भामानं बुगड्या पिशवीत टाकल्या, गाठोडं उचललं आणि बाहेर पडली. वेणू दाराला धरून उभी राहिली. तिला वाटलं, आता ही गल्लीभर ओरडून सांगेल. पण विहिरीपाशी सुगराबी होती. पडवीच्या कुडापलीकडेच तिचं अंगण, तिनं सगळं ऐकलं असणार. सुगराबीनं भामाचा हात धरला आणि तिला विहिरीच्या कट्ट्यावर बसवलं. दोघी कितीतरी वेळ बसल्या होत्या. सुगराबीच बोलत होती. बोलता बोलता तिनं हात वर करून वेणूच्या घराच्या छपराकडे दाखवलं आणि मग तोच हात तोंडावर दाबून धरला. भामा उठली ती एस.टी.च्या रस्त्याला लागली नाही. ती भातगिरणीकडे गेली.

तिथं काय झालं ते दुसऱ्या दिवशी सुगराबीनंच येऊन सांगितलं. दीड वर्षात ती पहिल्यांदा वेणूच्या घरात आली होती.

"बळीरामला तेव्हा हे घर गोदामाला हवं होतं," ती म्हणाली. "जनी निघेना. मग ती तापात पडलेली असताना एका दुपारी तो स्वतः शिडी घेऊन आला. बरोबर कुणी नाही. पडवीवरची बावीस कौलं उतरवून ठेवली. म्हणाला असेल, भिजली की जाईल. आषाढ होता. मी कुडाच्या फटीतून पाहिलं. माझं घरही त्याचंच आहे, वेणू. मी गप्प बसले. ती रात्रभर पाणी पाणी करत होती. वरून पाऊस पडत होता नि ती पाणी मागत होती. मी कानात बोळे घातले. तू विहिरीवर म्हणालीस ना, जनी पाणी मागते म्हणून, अल्लाकसम, मी अर्धी कळशी उचलून घरी पळाले."

वेणू भिंतीला टेकली. पाणी मागते, हे तिनं रचलं होतं.

"भामा गिरणीत गेली," सुगराबी पुढं म्हणाली, "गिऱ्हाईक होतं, हमाल होते. ती शेठसमोर उभी राहिली नि म्हणाली, आयला भेटून आले. आय म्हनते, शिडी कुठं ठेवलीस बळीराम? कौलं किती काडलीस ती आय रोज मोजते, बावीस भरतात. बस, एवढंच बोलली नि निघाली. शेठचा चेहरा पिठासारखा झाला. शिडीचं कुणाला ठाऊक होतं? माझं नाव तिनं कुठं घेतलं नाही."

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी बळीरामशेठ आले. अनवाणी आले होते. उंबऱ्यापासून चार हात लांब उभे राहिले आणि माणसाच्या हातून त्यांनी पावत्या आत दिल्या, राहायला आल्यापासूनच्या, शिक्क्यासकट.

"भाडं तेवडंच ऱ्हाईल," ते म्हणाले. "तुमी असंपर्यंत कुनी उटवनार नाय." मग त्यांची नजर वेणूच्या खांद्यावरून आत गेली. "ती... आत हाय का आता?"

वेणू नाही म्हणू शकली असती. हो म्हणणंही सोपं होतं. ती नुसती उभी राहिली.

शेठनी हात जोडले, पण वेणूला नाही. "तिला सांगा..." ते म्हणाले, आणि पुढं त्यांना शब्द सापडेना. ओठ हलत राहिले. माणसानं दंडाला धरून त्यांना परत नेलं. त्यानंतर ते त्या गल्लीत फिरकले नाहीत. दोन वर्षांनी वारले, तेव्हा त्यांच्या मुलांनीही घराचा विषय काढला नाही.

वेणू, दिनानाथ आणि मालू तिथंच राहिली. पाय पसरून झोपली. पण पडवीत वेणूनं पुन्हा पापड घातले नाहीत. अवसेचा भात तिनं बंद केला नाही; आता तो कुणाला दाखवण्यासाठी नव्हता. दुपारी वारा कौलांतून शिरला की ती हातातलं काम थांबवी आणि कौलं मोजू लागे. कितीदा मोजली तरी आकडा तिच्या लक्षात राहत नसे.

भामा पुढच्या आषाढात आली. वेणूला वाटलं, ही आपल्याशी बोलणार नाही. पण ती आत आली, पडवीत बसली, बरोबर आणलेले तांदूळ वेणूच्याच चुलीवर शिजवले आणि आईच्या नावानं घास ठेवला. मग दर आषाढात येऊ लागली. दोघींत फार बोलणं होत नसे. एक चूल फुंकी, दुसरी पानं मांडी.

चौथ्या का पाचव्या वर्षी वेणूला राहवलं नाही. पाऊस थांबला होता, पागोळ्या गळत होत्या. भामा उंबऱ्यावर बसली होती, पहिल्या दिवशी बसली होती तशीच.

"भामा, खरं सांग. तू इतक्या वेळा इथं बसलीस. तुला कधी दिसल्या का गं त्या?"

भामानं पडवीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. भिंतीवर खार फुटला होता, खाली ओल होती, आणि दुसरं काही नव्हतं.

"दिसली असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

मग संध्याकाळची एस.टी. गाठायची म्हणून ती उठली, आणि वेणू छत्री घेऊन तिला रस्त्यापर्यंत पोचवायला गेली.